मोठी स्टेपनी आणि मागचा दरवाजा

आज टायरबद्दल बोलायचंय, पण जमिनीवरच्या चार नाही, मागच्या दरवाजावर लटकलेल्या पाचव्याबद्दल. म्हणजे स्टेपनी.

आधी माझी चूक सांगतो. मी गाडीला मोठे टायर टाकले आणि स्टेपनीही त्याच साइजची घेतली. होत्या त्याच ब्रॅकेटवर ती बसली, नट आवळले गेले, फोटो झकास आले. दोन महिन्यांत दरवाजा लावताना तो हाताने थोडा वर उचलावा लागायला लागला. मी म्हटलं, चालतंय की. मग एकदा माळशेज घाटात एका खड्ड्यात गाडी आपटली आणि मागचा दरवाजा सताड उघडला. मागे बाईकवर दोघं होते. त्याने वेळेत बाईक बाहेर काढली म्हणून वाचलो. खाली उतरून त्याने मला जे ऐकवलं ते इथे सांगता येणार नाही, पण त्याचं बरोबर होतं.

झालं काय होतं? दरवाजाच्या लॅचला दोन टप्पे असतात. दरवाजा खाली लोंबल्यामुळे लॅच स्ट्रायकरवर नीट बसत नव्हता, पहिल्याच टप्प्यावर अडकत होता. बाहेरून मात्र बंद दिसायचा.

आता हिशोब बघू. 2020 सालची थार घ्या, स्टीलच्या रिमवाली. टायर 245/75 आर16. साइडवॉल म्हणजे 245 चे 75 टक्के, त्याची दुप्पट, अधिक 16 इंची रिम. व्यास येतो साधारण 774 मिमी. त्याच रिमवर कोणी 285/75 बसवला तर व्यास 834. फरक 60 मिमी, म्हणजे मधल्या नटांपासून खाली 30 मिमी जास्त. आता दरवाजा उघडताना टायरची खालची कड बंपरवरून फिरते का, हे बघावं लागणार. रुंदीही 40 ने वाढली. त्यातली अर्धी, म्हणजे 20 मिमी, दरवाजाच्या पत्र्याकडे येते. दरवाजावरचे रबरी टेकू असतात ना, ते स्टेपनी हलू नये म्हणून असतात. टायर त्यांना हलकासा दाबून बसला पाहिजे. नुसता लांब राहिला तर खडखडणार, आणि फार दाबला गेला तर पत्रा आत जाणार.

यावर लोक स्पेसर टाकतात. ब्रॅकेट आणि रिमच्या मध्ये जाड चकती, लांब स्टड. जागा मिळते, पण वजन मागे सरकतं. आणि खरा प्रश्न वजनाचाच आहे.

बिजागऱ्यांचं बघा. समजा स्टेपनी 25 किलोची आहे, तिचा मध्य बिजागरीपासून 60 सेंमीवर, आणि दोन बिजागऱ्यांमध्ये 40 सेंमी अंतर. दरवाजा उघडा असताना एकट्या स्टेपनीमुळे वरची बिजागरी साधारण साडेसदतीस किलोने बाहेर ओढली जाते, खालची तेवढ्यानेच आत दाबली जाते. स्टेपनी 35 किलोची केलीत की ते साडेबावन्न. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात हाच भार क्षणभर कितीतरी पट होतो, आणि तो पत्र्याला रोज थोडा थोडा थकवत राहतो. तडा बहुतेक वेळा ब्रॅकेटच्या बोल्टांभोवती किंवा बिजागरीच्या मुळाशी सुरू होतो. रंगात केसासारखी रेघ दिसते, तीच. वजन काढायला घरचा वजनकाटा पुरतो: आधी स्वतः उभे राहा, मग स्टेपनी धरून.

मग उपाय? थोडा मोठा टायर असेल तर ब्रॅकेटखाली जाड प्लेट देऊन भार थेट बिजागऱ्यांकडे नेणारी किट पुरते. पत्रा सुटतो, पण बॉडीच्या खांबावरचा ताण कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. फारच मोठा असेल तर चेसिसला जोडलेल्या मागच्या बंपरवरचा वेगळा फिरता कॅरियर. भार दरवाजावरून पूर्ण जातो. त्रास एवढाच की डिकी उघडायला आधी कॅरियर फिरवा, मग दरवाजा. पावसात वैताग येतो. मी तरीही तोच बसवला.

कोणी म्हणेल, मग स्टेपनी जुनीच लहान ठेवू. नको. 774 आणि 834 मध्ये जवळपास आठ टक्के फरक आहे. दोन्हीं एकाच एक्सलवर आले की डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. त्यात फोर हाय लावलात तर पुढचा आणि मागचा एक्सल वेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि ट्रान्सफर केस आवळला जातो. पंक्चर नेमकं चिखलात होतं, जिथे फोर बाय फोर हवंच असतं.

नंबर प्लेट, मागचा कॅमेरा आणि तिसरा ब्रेक लाइट झाकला जात नाही ना, तेही गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, तेव्हा मोठे टायर घेण्याआधी ते वाचा.

आणि ज्यांनी आधीच मोठी स्टेपनी लावली आहे त्यांनी आजच एक करा. दरवाजा अर्धा उघडा, स्टेपनी खालून धरून वर उचला. दरवाजा बिजागरीत खुळखुळला, किंवा लावताना कड स्ट्रायकरच्या खाली येत असेल, तर स्टेपनी काढून आत ठेवा आणि मगच गाडी बाहेर काढा.