ॲम्प्लिफायर पेटींत कीं पेटीबाहेर ?



घरांत गाणें ऐकण्यासाठीं स्पीकरची जोडी घ्यावयास निघालेल्या गृहस्थास दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो, "ॲक्टिव्ह हवेत कीं पॅसिव्ह ?" आणि गृहस्थ गोंधळतो. सहा वर्षांपूर्वीं माझीहि हीच अवस्था झाली होती. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचें मीं पत्करलें आहे.

रेकॉर्डप्लेअरमधून अथवा मोबाईलमधून निघणारा विद्युत्संदेश क्षीण असतो. त्यास बळ देण्याचें काम ॲम्प्लिफायर करतो, आणि त्या बळावर स्पीकरचा पडदा हालतो. हा ॲम्प्लिफायर वेगळ्या पेटींत असून तारेनें स्पीकरला जोडलेला असेल, तर तो स्पीकर पॅसिव्ह. स्पीकरच्याच पोटांत बसविलेला असेल, तर ॲक्टिव्ह. ही दुसरी कल्पना अगदीं आजची आहे असें मात्र समजूं नये. राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं आजच्या धर्तीचा स्पीकर जगापुढें मांडला, आणि त्याच धर्तीचा जो 'रेडिओला १०४' पुढील वर्षीं बाजारांत आला, त्याच्या पेटींतच ॲम्प्लिफायर होता !

खऱ्या ॲक्टिव्ह स्पीकरांत शास्त्रीय लाभ आहे. खर्जाचे स्वर मोठ्या पडद्याकडे व तार स्वर लहान पडद्याकडे पाठवावे लागतात. पॅसिव्ह स्पीकरांत ही वांटणी ॲम्प्लिफायरच्या नंतर, तारेचीं वेटोळीं व कपॅसिटर यांच्या द्वारें होते, आणि त्यांत कांहीं शक्ति वायां जाते. ॲक्टिव्हमध्यें संदेश क्षीण असतांनाच वांटणी होऊन प्रत्येक पडद्यास स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो, आणि तो पेटी बनविणारानेंच तिच्या मापानें निवडलेला असतो. म्हणून लहानशा पेटींतूनहि भरदार खर्ज निघूं शकतो. परंतु ॲक्टिव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा स्वस्त जोड्यांत एकाच पेटींत ॲम्प्लिफायर असतो व तेथून दुसरीकडे साधी दुपदरी तार जाते. अशा जोडीस हा लाभ नाहीं. ती केवळ सोय होय. पेटीची मागची बाजू पाहिल्यावाचून पैसे देऊं नयेत.

मीं ॲक्टिव्ह जोडी आणली ती आईसाठीं. तिचे डोळे अधू झाल्यापासून दिवसभर गाणें ऐकणें हाच तिचा विरंगुळा. पांचव्या पावसाळ्यांत उजवी पेटी मुकी झाली. पडदे शाबूत होते. आंतला ॲम्प्लिफायर गेला होता. दुकानदार म्हणाला, "तो भाग आतां येत नाहीं, नवी जोडी घ्या." आठवडाभर आई कांहीं बोलली नाहीं, नुसती त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसे. शेवटीं माळ्यावरून वडिलांची जुनी पॅसिव्ह जोडी काढली. पडद्याभोंवतालच्या फोमच्या कडेचा भुगा झाला होता. लॅमिंग्टन रोडवरील एका कारागिरानें तेथें रबराची कडा चिकटवून दिली, आणि मीं एक लहान नवा ॲम्प्लिफायर जोडला. पहिलें गाणें सुरू होतांच आई म्हणाली, "अरे, हे तर ह्यांचे स्पीकर !"

तेव्हां ध्यानांत आलें कीं, पडद्याचें आयुष्य निराळें आणि ॲम्प्लिफायरचें निराळें. बंद पेटींतल्या उष्णतेनें कपॅसिटर वाळत जातात. पडदा मात्र दुरुस्त होऊं शकतो. बीबीसीनें १९७० नंतरच्या दशकांत बाह्य प्रक्षेपणाच्या मोटारींसाठीं 'एलएस ३/५ए' हा सुमारें ३० सेंटिमीटर उंचीचा पॅसिव्ह स्पीकर तयार केला. त्या काळच्या जोड्या आजहि कित्येक घरांत नव्या ॲम्प्लिफायरवर वाजत आहेत.

पॅसिव्ह घेणारानें स्पीकरवरील डेसिबलचा आंकडा अवश्य वाचावा. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जितकी शक्ति लागते, तिच्या निम्म्या शक्तींत ८९ डेसिबलचा स्पीकर तितकाच आवाज देतो. हा हिशेब न करतां शेंकडों वॉटचा ॲम्प्लिफायर घेणारे महाभाग मीं पाहिले आहेत.

माझ्या शेजाऱ्यांस हा हिशेब, त्या तारा, ती वेगळी पेटी, यांतलें कांहींच नको होतें. टेलिव्हिजनच्या दोहों बाजूंस ठेवावयास त्यांनीं नुकतीच ॲक्टिव्ह जोडी घेतली. त्यांच्या दहा फुटी खोलीस तीच योग्य आहे, असें मीहि त्यांना सांगितलें. मात्र सुटे भाग किती वर्षें मिळतील, तें दुकानदाराकडून लिहून घ्यावयास लावलें.