गवत सर्वांचे, जनावर कुटुंबाचे : मंगोलियाच्या कुरणांवरील अर्थशास्त्र

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन किंवा बोस्टन उभे राहते. मंगोलियात जाणारे काही परदेशी विद्यार्थी मात्र उलानबातरला भाषेचे प्राथमिक पाठ घेऊन काही आठवडे पशुपालक कुटुंबाच्या ‘गेर’मध्ये, म्हणजे बुरणुसाने आच्छादलेल्या गोल तंबूत राहतात. मीही असा राहिलो. उन्हाळ्यात एका दरीतील उंच गवत कोणीच चारत नाही हे पाहून मी टिपणवहीत ‘अनुपयोजित जमीन’ अशी नोंद केली. यजमानांनी सांगितले, ती हिवाळ्याची शिदोरी आहे. आता तेथे जनावर नेले तर माघात ते उपाशी मरेल. मला ती नोंद खोडावी लागली.

सामूहिक कुरणांचा प्रश्न

सुमारे १५.६ लाख चौरस किलोमीटरच्या या देशाची लोकसंख्या जेमतेम ३५ लाख आहे. १९९२ च्या राज्यघटनेने पशुधनास राष्ट्रीय संपत्ती म्हणून शासनाचे संरक्षण दिले आणि कुरणे खाजगी मालकीतून वगळली. म्हणजे जनावर कुटुंबाचे, गवत सर्वांचे. अशा व्यवस्थेत प्रत्येकजण जनावरे वाढवीत जाईल आणि कुरण उजाड होईल, असा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा प्रसिद्ध सिद्धांत आहे. परंतु डेव्हिड स्नीथ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत निराळे चित्र दिसले. रशियाकडील भागात, जेथे पशुपालन स्थिर वस्तीचे झाले होते, सुमारे तीन-चतुर्थांश कुरणे ऱ्हास पावली होती. चीनकडील भागात, जेथे कुरणे कुटुंबांना वाटून दिली होती, हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते. स्थलांतर टिकलेल्या मंगोलियात ते केवळ एक-दशांश होते. २००९ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीही या निष्कर्षाचा आधार घेतला होता.

संक्रमणाची किंमत

ही कथा येथे संपत नाही. १९९० नंतर बाजारव्यवस्था आली आणि ‘नेगदेल’ या सामूहिक संस्था विसर्जित झाल्या. जनावरे वाटली गेली. पण स्थलांतरासाठी वाहन, वैरणीचा साठा, पशुवैद्यक व विहिरींची देखभाल या नेगदेलच्या सेवाही लोपल्या. कारखाने बंद पडल्याने अनेक शहरी कुटुंबे पशुपालनाकडे वळली. १९९० मध्ये सुमारे अडीच कोटी असलेले पशुधन २०१९ मध्ये सात कोटींवर गेले. कॅशमिअर लोकरीच्या मागणीमुळे शेळ्यांचा वाटा एक-पंचमांशावरून दोन-पंचमांशाच्या आसपास पोहोचला. कुटुंबे रस्ता, शाळा व बाजाराजवळ थांबू लागली. पुढे राष्ट्रीय पाहण्यांत निम्म्याहून अधिक कुरणांत कमी-अधिक ऱ्हास आढळला. मालकीचा कायदा तोच होता. कमी झाली होती ती हालचाल.

जोखीम आणि विमा

‘झुद’ म्हणजे जनावरांचा संहार करणारा भीषण हिवाळा. १९९९ ते २००२ या तीन हिवाळ्यांत एक कोटीहून अधिक, २००९-१० मध्ये सुमारे एक कोटी आणि २०२३-२४ मध्ये सत्तर लाखांहून अधिक जनावरे दगावली. कळप गमावलेली कुटुंबे उलानबातरच्या कडेला गेर उभारतात; देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या आज या राजधानीत आहे. २००६ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने निर्देशांकाधारित पशुविमा सुरू झाला. यात भरपाई स्वतःच्या नुकसानीवर नव्हे, तर संपूर्ण तालुक्यातील मृत्युप्रमाणावर मिळते. त्यामुळे तपासणीचा खर्च वाचतो आणि जनावरे जगविण्याची प्रेरणा टिकते. पण तालुका वाचला आणि एकाचाच कळप मेला, तर त्याच्या हाती काहीच पडत नाही.

मित्रहो, मंगोलियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष घोषित केले. आपल्याकडेही धनगर, राईका, गद्दी हे समाज ऋतूनुसार कळप घेऊन चालतात, आणि त्यांच्या वाटेवरील कुरणे दप्तरात पुष्कळदा ‘पडीक’ ठरतात. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रशासनात असेल. एखादी जमीन रिकामी आहे असा शेरा लिहिण्यापूर्वी ती कोणत्या ऋतूसाठी राखलेली आहे, एवढे तेथील माणसाला अवश्य विचारा.