आकडा वाढला तर घाबरू नका



कामाचा दिवस असूनही धारावीच्या कुंभारवाड्यातली आणि शिवणकामाच्या कारखान्यांतली माणसं या संमेलनाला इतक्या संख्येनं आली, याचा मला अभिमान वाटतो.

आजचा विषय आहे वस्तीतल्या गुन्ह्यांची आकडेवारी. धारावीचं नाव निघालं की बाहेरचा माणूस आकडा न बघताच निकाल देऊन मोकळा होतो. म्हणूनच हे आकडे आपण स्वतः वाचायला शिकलं पाहिजे.

गुन्ह्यांचं प्रमाण लाख लोकसंख्येमागे काढतात. पण धारावीत माणसं किती? कुणी सहा लाख सांगतं, कुणी दहा. समजा, वर्षात १,००० गुन्हे नोंदले गेले. सहा लाख धरले तर लाखामागे १६७ होतात, दहा लाख धरले तर १००. गुन्हे तेवढेच, पण एका हिशेबात वस्ती बदनाम आणि दुसऱ्यात शांत! २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे देशभराची प्रमाणंही २०११च्या आधारावर केलेल्या अंदाजांवर उभी राहिली.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या नव्हे. लोकलमध्ये मोबाइल मारला गेला आणि कागदावर ‘गहाळ’ अशी नोंद झाली, तर ती चोरी मोजलीच जात नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्या.

आणि घरातलं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) २०२२च्या अहवालात महिलांवरील गुन्ह्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३१ टक्के, पती आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. तिथे गल्लीतला सीसीटीव्ही पोहोचत नाही. वर्षानुवर्षं मार खाणारी एखादी बाई शेजारणीचा हात धरून पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढते, तेव्हा आकडा एकाने वाढतो. त्या वाढीचं मी या व्यासपीठावरून स्वागत करतो. अशा वाढीवरून कुठल्याही ठाणेदाराला वरिष्ठांनी जाब विचारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

न घडलेल्या गुन्ह्यांना तर तक्त्यात रकानाच नसतो. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पोलिस आणि नागरिकांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर १९९२मध्ये दंगलींनी मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तेव्हा धारावीनं काय सोसलं, ते इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. त्यानंतर मुंबईतही अशा समित्या उभ्या राहिल्या. त्यातले जुने कार्यकर्ते आज समोर बसले आहेत. त्यांना माझा नमस्कार.

पोलिस अधिकाऱ्यांकडे एकच मागणी आहे. दर महिन्याला ठाण्याच्या फलकावर किती तक्रारी आल्या, किती एफआयआर झाल्या आणि किती गुन्हे उघडकीस आले, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लावावेत. पहिल्या सत्रात यावरच चर्चा आहे. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.