कोड : न थांबणारा निरोप



ग्रंथालयाच्या शताब्दीत त्वचेचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कोडाचे निम्मे दुःख शब्दाचेच आहे. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’ या शब्दावरून आला. चरकसंहितेतही श्वित्राचे विवेचन कुष्ठचिकित्सेच्या अध्यायातच येते. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. कोडाला जंतू कारण नाही, स्पर्शाने तो पसरतही नाही. तरीही नावाच्या नात्याने तो कलंक याला चिकटला आणि ठरलेली लग्ने मोडत राहिली.

मग त्वचेत घडते तरी काय? शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी विशिष्ट प्रथिने स्रवून परस्परांना निरोप धाडतात. या स्रावांना सायटोकाइन म्हणतात. जखम झाली की त्यांच्यामुळे दाह होतो आणि काम संपताच तो शमतो. कोडात तो शमत नाही. टी पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच शत्रू समजतात आणि इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. तो निरोप मिळताच भोवतालच्या त्वचापेशी असे पदार्थ सोडतात, की त्यांच्या मागाने आणखी टी पेशी तेथे येतात. निरोपातून निरोप निघत राहतो. बाहेरून मात्र बहुधा ना लाली, ना सूज. दिसतो तो केवळ पांढरा डाग.

याचा मागोवा आपल्या बडोद्यातही घेतला गेला. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. रशीदुन्निसा बेगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील शेकडो रुग्णांचे रक्त तपासले. त्यांच्या २०१२ सालच्या निबंधात टीएनएफ-अल्फा हा स्राव रुग्णांत वाढलेला आढळला. त्याच्या जनुकातील काही भेदांचा आजाराशी संबंधही दिसला. २०१३ साली त्यांनी इंटरफेरॉन-गॅमाविषयी लिहिले. येथे एक सावधगिरी हवी. जनुकातील भेद म्हणजे ललाटलेख नव्हे; त्याने प्रवृत्ती वाढते, इतकेच. रुग्णाच्या बहुतेक सख्ख्या नातलगांना हा आजार होत नाही. स्थळ पाहताना ‘त्या घराण्यात कोड आहे’ असे कुजबुजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

२०२२ साली अमेरिकेत रक्सोलिटिनिबच्या मलमाला या आजारासाठी मान्यता मिळाली. निरोप पेशीच्या आत पोहोचू न देणे, हे त्याचे कार्य. औषध थांबवल्यावर डाग पुष्कळदा त्याच जागी परततो, कारण काही टी पेशी तेथेच मुक्काम ठोकून असतात. चेहऱ्यावर रंग लवकर भरतो. बोटांच्या टोकांवर तो क्वचितच येतो. नव्या रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो, आणि तेथे केसच नसतात.