दूध आईचं, जबाबदारी सगळ्यांची

(जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विषय ऐकताच मागच्या रांगेतल्या काही मुलांनी माना खाली घातल्या. भावांनो, माना वर करा. आज मला जास्त बोलायचं आहे ते तुमच्याशीच.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्या, सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पाजा. जागतिक आरोग्य संघटनेचा हा सल्ला आता दवाखान्याच्या भिंतींवरही लिहिलेला असतो. तो आईने वाचायचा, असं आपण धरून चालतो.

पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. देशातली जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरी पहिल्या तासात दूध मिळतं ते सुमारे ४२ टक्के बाळांनाच. डॉक्टर आणि नर्स हाताशी असतानाही निम्म्याहून जास्त बाळांना हे दूध वेळेवर मिळत नाही. मग दोष एकट्या आईच्या अडाणीपणाचा कसा?

मी वस्तीत बाळंतिणींना भेटते. बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं, "हिला दूधच येत नाही." म्हणणारी कधी सासू असते, कधी शेजारची खाला, कधी माहेरची माणसं. पहिले दोन-तीन दिवस दूध थोडंच येतं. तो घट्ट पिवळसर चीक असतो आणि नवजात बाळाच्या इवल्याशा पोटाला तो पुरतो. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. पण बाळ रडलं की घरात बाटली येते. बाटलीने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, म्हणून दूध कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. ही साधी गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी.

त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. बाळंतपणानंतर महिन्याभरात सडपातळ झालेली, हसरी, नटलेली आई रीलमध्ये दिसते. इथे दोन खोल्यांच्या घरात ही मुलगी टाके दुखत असताना रात्री चार वेळा उठते, आणि आपणच कुठेतरी कमी पडतोय असं तिला वाटतं.

आता आपल्या घरातली गोष्ट बोलू. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आपण ते आईला ऐकवतो आणि तिथेच थांबतो. पण त्याच आयतीत पुढे आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. कुणावरही कुवतीपेक्षा जास्त भार नको आणि मुलापायी आईला त्रास होऊ नये, असंही सांगितलं आहे. दूध तोडायचं तर दोघांनी राजीखुशीने, सल्लामसलत करून ठरवायचं आहे. आणि ही आयत कुठे येते? तलाकच्या आयतींच्या सोबत. म्हणजे नातं तुटलं तरी बापाची जबाबदारी तुटत नाही. आज तलाकनंतर तान्ह्या बाळासह माहेरी बसलेल्या किती मुलींना हा हक्क मिळतो?

रमजानचंही तसंच. आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती वाटत असेल तर रोजा पुढे ढकलण्याची मुभा तिला आहे. पण ती मुभा घेतली की नातेवाईकांच्या नजरा तिला टोचतात. सवलत दिलेली असताना तिला शरमिंदा करणारे आपण कोण?

कायदाही आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळतात. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं आहे. पण घरात बसून शिवणकाम, जरीकाम करणारी, दुसऱ्यांकडे धुणीभांडी करणारी आपली बहीण या कायद्याच्या बाहेरच राहते. तिची रजा म्हणजे तिची बुडालेली मजुरी. ती मजुरी भरून कोण देणार, हा प्रश्न आपल्या संघटनांनी उचलायला हवा.

एसटी स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. तान्ह्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीची कथा आपण सगळे शाळेत शिकलो. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो. पण कडा तिला का उतरावा लागला? गडाचा दरवाजा बंद होता म्हणून. आजच्या आईला शाबासकी पुरे झाली, तिच्यासाठी दरवाजा उघडा.

म्हणजे काय करायचं? भावांनो, पाजणं तुम्हाला जमणार नाही, बाकी सगळं जमेल. रात्री बाळाचं लंगोट बदला, ढेकर काढा, सकाळी तिला दोन तास झोपू द्या, तिच्या ताटात आधी वाढा. कुणी टोमणा मारला तर तिच्या आधी तुम्ही बोला. बहिणींनो, मोहल्ल्यातल्या अनुभवी आयांचा एक गट करा. नव्या बाळंतिणीकडे पहिल्या आठवड्यातच जा, आशाताईंना सोबत घ्या. शादीखान्यात, महिलांच्या इज्तेमात पडदा लावून एक कोपरा आणि दोन खुर्च्या ठेवायला किती खर्च येतो? आई सतत रडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणि जिला प्रयत्न करूनही पाजता आलं नाही, आजारपणामुळे किंवा औषधांमुळे, तिला कमी लेखू नका. आपल्या पैगंबरांना हलीमांनी दूध पाजलं, म्हणून त्यांच्या आईचं आईपण कमी झालं नाही.

आज घरी गेल्यावर, आसपास कुणाकडे तान्हं बाळ असेल तर तिथे जा. बाळाला बघायला सगळेच जातात. तुम्ही आधी आईला विचारा, "तू जेवलीस का?"