सूर्यावरची वादळे आणि यंत्राचे भाकीत



युनियनचे काम करणारा माणूस पगार आणि बोनस सोडून सूर्यावर काय बोलणार, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात फार झाले. परंतु नवे यंत्र आले की ते काय करते, कोणाच्या श्रमांवर चालते आणि चुकले तर कोणाच्या अंगावर येते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मला कामगारांनी लावली. सूर्यावरील वादळांचे भाकीत करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला आज आपण हेच तीन प्रश्न विचारू.

प्रथम वादळ म्हणजे काय ते पाहू. वर्ध्याच्या माणसाला मे महिन्यातला सूर्य समजावून सांगायला नको. पण तो ताप निराळा आणि हे वादळ निराळे. सूर्यावर कधी कधी स्फोट होतात आणि विद्युत्भारित कणांचा प्रचंड लोंढा बाहेर फेकला जातो. सूर्याचा उजेड आपल्याकडे सुमारे ८ मिनिटांत पोचतो. या लोंढ्याला बहुधा एक ते चार दिवस लागतात. तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर आदळला की होकायंत्राची सुई थरथरते, लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांत नको असलेला प्रवाह शिरतो, उपग्रहांची आणि रेडिओची कामे बिघडतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था अशा वादळाने सुमारे दीड मिनिटात कोसळली आणि ६० लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्या तारांना तेवढे भय नाही, हे खरे. पण उपग्रहांचे संदेश ज्या वरच्या वातावरणातून येतात, ते आपल्याकडेच अधिक खवळते.

आता पहिला प्रश्न : यंत्र करते काय? ते शिकते, पण शिकते नोंदींवरून. सूर्याची वर्षानुवर्षांची चित्रे त्याच्यापुढे ठेवतात आणि प्रत्येक चित्रानंतर काय घडले ते सांगतात. ते अंदाज करते. अंदाज चुकला की त्याच्या आतल्या हिशेबातले आकडे थोडे हलविले जातात. असे असंख्य वेळा घडले म्हणजे माणसाच्या नजरेतून निसटणाऱ्या खुणाही त्याला दिसू लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये नासा आणि आयबीएम यांनी असे एक प्रारूप सर्वांसाठी खुले केले. त्याचे नावच ‘सूर्य’ आहे. नऊ वर्षांच्या चित्रांवर ते शिकले, आणि सूर्यावर ज्वाला उसळेल की नाही याचा अंदाज दोन तास आधी देण्याचा ते प्रयत्न करते. आपले ‘आदित्य-एल१’ यान जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठिकाणी पोचले. पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झालेली दुर्बीण त्यावर आहे. अशा यानांनी नवी चित्रे आणि मापे पाठविली नाहीत, तर कितीही हुशार यंत्र उपाशीच राहील.

दुसरा प्रश्न श्रमांचा. त्यासाठी आपल्याला मुंबईला, कुलाब्याच्या वेधशाळेत जावे लागेल. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एक प्रखर ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याचे चुंबकमापक एकाएकी खाली आले. आपोआप नोंद करणारे उपकरण तेथे तेव्हा नव्हते. माणसे पाळीपाळीने बसत, डोळ्यांनी वाचन करीत आणि वहीत आकडा लिहीत. त्यांनी त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. मे २०२४ च्या वादळात, ज्याची तांबूस प्रभा लडाखच्या आकाशातही दिसली, जगाची सरासरी घसरण ४०० च्या आसपास होती. दोन्ही मापांची रीत एक नाही, तरी फरक ध्यानात यावा. १४४ वर्षांनी, २००३ साली, त्सुरुतानी, लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी कुलाब्याचे ते आकडे अभ्यासून जगापुढे मांडले.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुई बिघडू नये म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबागला लोखंडाचा स्पर्श नसलेली वेधशाळा उभारली. तो पहारा आजही चालू आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था तो सांभाळते. यंत्राची बुद्धी ज्या शिदोरीवर वाढते, ती अशी माणसांनी बांधलेली आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : यंत्र चुकले तर? येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या. एक, मोठी वादळे विरळा. रोज रात्री ‘सब ठीक’ म्हणणारा पहारेकरी वर्षातून साडेतीनशे वेळा बरोबर ठरेल, आणि तरीही ज्या रात्री चोर येतो त्या रात्री कुचकामी ठरेल. म्हणून यंत्र शंभरात किती वेळा बरोबर, एवढेच विचारून भागत नाही. वादळाच्या दिवशी ते काय म्हणाले, हे विचारावे लागते. दुसरे, ज्या नऊ वर्षांवर ‘सूर्य’ शिकला त्यांत १८५९ सारखे वादळ एकही नाही. जे कधी पाहिले नाही त्याबद्दल यंत्राचा शब्द सर्वांत कच्चा असतो, आणि नेमकी त्याच दिवशी त्याची गरज सर्वांत मोठी.

खोटा इशारा दिला तर उगाच खर्च होतो. खरा इशारा चुकला तर नुकसान होते. किती शंका आली म्हणजे घंटा वाजवायची, हे गणित सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते. माझे म्हणणे असे, की ते ठरविताना रात्रपाळीवर उभ्या असलेल्या माणसालाही विचारावे. आपल्या वर्ध्याजवळही ७६५ केव्हीचे मोठे वीज उपकेंद्र आहे. अशा ठिकाणी इशारा आला तर तो कामावरच्या माणसाला समजेल अशा भाषेत यावा, काय करायचे ते आधी लिहून ठेवलेले असावे आणि ते करण्याचा अधिकार त्याच्या हाती असावा. दोन तासांची आगाऊ सूचना साहेबांच्या सहीची वाट पाहण्यात गेली, तर ती मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच.

यंत्राला विरोध करा, असे मी सांगत नाही. हे यंत्र हवेच आहे. परंतु ते आले म्हणून वेधशाळेतली माणसे कमी करा असे कोणी म्हणू लागले, तर त्याला कुलाब्याची वही दाखवा. पुढचे मोठे वादळ येईल तेव्हा ते टिपायला कोणीतरी जागे असले पाहिजे. नाहीतर त्याच्या पुढच्या पिढीचे यंत्र शिकणार कशावरून?