दुखण्यातून उठल्यानंतर

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या व्यासपीठावरून शंभर वर्षे साहित्याची, इतिहासाची आणि समाजकारणाची चर्चा झाली, तेथे बेळगावातल्या एका साध्या दवाखान्याच्या डॉक्टरने उभे राहावे, ह्याचा मला थोडा संकोच वाटतो. परंतु कार्यवाहांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा मनात दुसरा विषय आला नाही. कर्करोग कशाने होतो आणि त्यावर कोणते उपचार आहेत, ह्यावर आपल्या गावात पुष्कळ व्याख्याने झाली आहेत. उपचार संपल्यावर पुढे काय, ह्यावर फारसे कोणी बोलत नाही. आज मी त्याच 'पुढे'विषयी बोलणार आहे.

आपल्या भाषेत 'दुखण्यातून उठणे' असा एक सुरेख वाक्प्रयोग आहे. उठलेला माणूस लगेच चालू लागत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. म्हणून विषमज्वरातून उठलेल्याला मऊ भात आणि मेतकूट, बाळंतिणीला सव्वा महिन्याची विश्रांती, अशक्ताला हवापालट अशी व्यवस्था त्यांनी घरोघर लावली होती. क्षयाच्या दिवसांत आपल्याकडची माणसे मिरजेजवळ वानलेसवाडीला नाहीतर पाचगणीला महिनेच्या महिने राहत. ताप उतरल्यावरही अंगात शक्ती भरून येण्याचा एक काळ असतो आणि तो उपचाराचाच भाग असतो, असे त्यामागचे शहाणपण होते.

कर्करोगाच्या बाबतीत हे शहाणपण आपण विसरलो, कारण हा माणूस उठेल अशी आपली अपेक्षाच नव्हती. १९७१ च्या 'आनंद' चित्रपटाने दोन पिढ्यांना रडवले. त्यातला नायक अखेरीस जातो, आणि प्रेक्षकाला दुसरा शेवट सुचतही नाही. त्यामुळे 'गेला' आणि 'बरा झाला' ह्या दोन शब्दांमधल्या अवस्थेला मराठीत धड नावही नाही. कोणी 'कर्करोगमुक्त' म्हणतात, पण त्यात पुढच्या काळजीची जाणीव राहत नाही. कोणी 'कर्करोगजेता' म्हणतात, आणि मग जे गेले ते हरले, असा नकळत अर्थ निघतो. माझ्यापुरते मी 'उठलेला माणूस' असेच म्हणतो.

अशी माणसे आता थोडी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. आणि निदानाला पाच वर्षे पुरी झालेली नाहीत अशी ३२ लाखांहून अधिक माणसे त्या वेळी हयात होती. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात पूर्वी क्वचितच कोणी वाचे. आज चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार मिळालेली बहुसंख्य मुले बरी होतात. ती मोठी होतात, शिकतात, नोकरी शोधतात, लग्नाची होतात. त्यांच्यापुढे साठ-साठ वर्षांचे आयुष्य असते.

ह्या अवस्थेला विचाराची चौकट दिली ती एका डॉक्टरने, जो स्वतः रुग्ण होता. अमेरिकेतील फिट्झह्यू मलन ह्यांना ऐन तिशीत छातीतला कर्करोग झाला. १९८५ साली त्यांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून सांगितले की, ह्या आयुष्याचे तीन ऋतू असतात. पहिला निदानाचा आणि उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा. त्यात तपासण्या चालू असतात आणि रोग परत येण्याची भीती सोबत असते. तिसरा कायमचा, त्यात रोग बहुधा परतणार नाही असे दिसते, पण त्याच्या आणि उपचारांच्या खुणा शरीरावर, मनावर आणि संसारावर राहतात. पहिल्या ऋतूत रुग्णाभोवती डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक असा सारा गोतावळा असतो. दुसरा ऋतू सुरू होताच तो पांगतो. २००५ साली अमेरिकेतल्या वैद्यक संस्थेने ह्याच विषयावर सविस्तर अहवाल दिला. रुग्णाला उपचारांचा सारांश आणि पुढील देखभालीची योजना लेखी हाती द्यावी, ही त्यातली मुख्य शिफारस होती.

आपल्याकडेही ह्याची सुरुवात जुनी आहे. १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ पासून, उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने, लहानपणी कर्करोगातून उठलेल्या तरुणांनी २००९ मध्ये 'उगम' नावाचा गट सुरू केला. पण आपल्या गावचा रुग्ण रात्रीच्या गाडीने मुंबईहून परततो तो घरी, आणि पुढची वीस वर्षे त्याला काढायची असतात ती येथेच, आपल्यामध्ये.

आता शरीराविषयी. हा भाग मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण तो घरच्यांना सांगितलेलाच नसतो.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या, की काही स्त्रियांच्या त्या हाताला सूज येऊ लागते. ती महिन्यांनी येते, कधी वर्षांनीही येते. बांगडी घट्ट होणे, ब्लाउजची बाही रुतणे ही पहिली खूण. त्याच वेळी फिजिओथेरपी, विशिष्ट मालीश आणि दाबपट्टी सुरू केली तर सूज आटोक्यात राहते. हात लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. 'ह्या हाताने काही उचलू नकोस' असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो जुना झाला. जाणकाराच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला वजनाचा व्यायाम सुरक्षित असतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हात कायमचा बाजूला ठेवला, तर तो दुबळाच होत जातो.

काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. रुग्ण ज्याला 'लाल औषध' म्हणतात, ते डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूंना इजा करू शकते, आणि ती कित्येक वर्षांनी प्रकट होऊ शकते. लहानपणी हे औषध घेतलेल्या मुलीची गरोदरपणात हृदयतपासणी व्हावी, ती ह्यासाठी. सिसप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ह्या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात. अशा माणसाला सदऱ्याची बटणे लावणेही जड जाते. मानेवर किरणोपचार झालेल्यांची थायरॉइड ग्रंथी पुढे मंदावू शकते. वर्षाकाठी रक्ताची एक साधी तपासणी पुरते. ती झाली नाही, तर थकवा आणि जाडेपण ह्यांचा दोष वयाला दिला जातो.

तोंडाचा कर्करोग आपल्याकडच्या पुरुषांत सर्वांत अधिक आढळतो. त्यातून उठलेल्या माणसाची लाळ किरणोपचारांनी आटते, जबडा पुरता उघडत नाही. भाकरी चावता येत नाही, तिखट लागले की आग होते. तो लग्नाकार्यात पंगतीला बसेनासा होतो, आणि 'आजारापासून माणूसघाणा झाला' असे आपण म्हणून मोकळे होतो. त्याला हवा असतो जबड्याचा रोजचा व्यायाम, मऊ आणि पौष्टिक अन्न, आणि शेजारी बसून सावकाश जेवणारा एक मित्र. किरणोपचार झालेल्या जबड्यातला दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला पूर्वीच्या उपचारांची कल्पना दिलीच पाहिजे, कारण तेथले हाड भरून येत नाही. आणि तंबाखू कायमची सुटली पाहिजे. बरे वाटू लागल्यावर पुडी पुन्हा खिशात येते, हे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो. त्यातून दुसऱ्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा माणसाला बोल लावण्यापेक्षा सवय सोडवणाऱ्या उपचारांकडे नेणे अधिक उपयोगाचे.

व्यायामाविषयी एक ताजी गोष्ट सांगतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि औषधोपचार झालेल्या ८८९ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना तीन वर्षे मार्गदर्शकासह व्यायामाचा कार्यक्रम दिला, अर्ध्यांना केवळ माहितीपत्रिका. आठ वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ९० टक्के हयात होते, दुसऱ्यातले सुमारे ८३ टक्के. हे रुग्ण मुख्यतः भरभर चालण्यासारखाच व्यायाम करीत होते. पण केवळ पत्रिका पुरली नाही, पाठीशी माणूस असावा लागला, हेही त्यातून दिसले.

मनाचा भाग ह्याहून नाजूक आहे. उपचार चालू असताना रुग्ण एका कामात गुंतलेला असतो. ते संपले, सर्वांनी पेढे वाटले, आणि तेव्हा तो रात्री जागा राहू लागतो. खोकला आला तरी 'परत आला का?' पाठ दुखली तरी तोच प्रश्न. तपासणीची तारीख जवळ आली की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ही भीती फार जणांना असते, तो भित्रेपणा नव्हे. 'आता बरा झालास ना, मग विचार कशाला करतोस?' ह्या वाक्याने ती कमी होत नाही. तो फक्त बोलायचा थांबतो. भीतीने झोप आणि भूक उडाली, कशातच मन लागेना, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर औषध व समुपदेशन ह्यांचा गुण येतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतून आणि कन्नडमधूनही बोलता येते.

मनाचा संबंध घराशी येतो. हा रोग संसर्गजन्य नाही, तरी उठलेल्या माणसाचे भांडे वेगळे ठेवणारी सुशिक्षित घरे आजही आहेत. पतिपत्नींमध्ये अबोल अंतर पडते. स्त्रीला आपले शरीर अपुरे वाटू लागते, आणि तिच्या पतीला काय बोलावे ते सुचत नाही. लहानपणी बऱ्या झालेल्या मुलीचे स्थळ जमवताना आईवडील तो आजार लपवतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण आपण प्रश्न विचारतो म्हणून ते लपवतात. खरे तर अशा अनेक मुलींना पुढे निरोगी मुले होतात. कोणत्या उपचाराने प्रजननक्षमतेवर परिणाम होतो, हे डॉक्टरांना उपचारांपूर्वीच विचारावे. लपवण्यात मात्र मोठा तोटा असा की, त्यात जुने कागद फाडले जातात.

हे कागद म्हणजे माझ्या आजच्या विनंतीचे मर्म आहे. कोणता कर्करोग, कोणत्या पायरीचा, कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या औषधाची किती मात्रा, किरण कोठे आणि किती, पुढे कोणती तपासणी केव्हा, एवढे दोन पानांत लिहिलेले प्रत्येक उठलेल्या माणसाजवळ असावे. सर्वसाधारणपणे पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी असते. नेमके वेळापत्रक रोगाप्रमाणे डॉक्टर ठरवतात. स्तनाच्या कर्करोगानंतर अनेकींना पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घ्यायची असते. 'आता काही त्रास नाही' म्हणून ती मध्येच थांबते, आणि थांबल्याचे कोणाला कळतही नाही. तपासणीसाठीच्या प्रवासालाही रेल्वे भाड्यात सवलत देते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते पुरे भाडे भरून मुंबईला जातात.

येथे आपल्या सीमाभागाची एक विशेष अडचण येते. कागद इंग्रजीत, अर्ज कन्नडमध्ये आणि दुखणे मराठीत. रुग्णालयातून मिळालेल्या सारांशातले अक्षरही न समजता तो पिशवीत ठेवणाऱ्या वृद्ध स्त्रीला कोणी तिच्या भाषेत वाचून दाखवील, तर तिचे अर्धे ओझे उतरेल. आणि वाचून दाखवणे हे तर वाचनालयाचे शंभर वर्षांचे व्रत आहे.

म्हणून ह्या शताब्दी वर्षात संचालक मंडळाने तीन लहान गोष्टींचा विचार करावा, असे सुचवतो. पहिली, आरोग्यविषयक विश्वसनीय मराठी पुस्तकांचे आणि पत्रिकांचे एक स्वतंत्र कपाट. त्यात चमत्काराचे दावे करणाऱ्या पुस्तकांना जागा नसावी. दुसरी, महिन्यातून एका दुपारी उठलेल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक. तेथे भाषण नको, अध्यक्ष नको, फक्त चहा आणि मोकळ्या खुर्च्या असाव्यात. जो अनुभवातून गेला आहे त्याचा एक शब्द आमच्या दहा सल्ल्यांपेक्षा अधिक लागू पडतो. तिसरी, कागद वाचून देणारे आणि त्यांची मराठी टिपणे करून देणारे दोन-चार स्वयंसेवक. निवृत्त शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. औषधांचा सल्ला त्यांनी देऊ नये, तो डॉक्टरांचा प्रांत. पण तारखा लक्षात ठेवणे, अर्ज भरून देणे, चालायला सोबत जाणे ह्यांसाठी पदवी लागत नाही. रुग्णाचे नाव आणि माहिती त्यांच्यापाशी गुप्त राहील, एवढा नियम मात्र कडक असावा.

ह्या तीन गोष्टींना इमारत लागत नाही, देणगी फारशी लागत नाही. दुपारच्या वेळी वाचनकक्षातली काही टेबले मोकळी असतात, ती पुरतील. पहिल्या बैठकीला मी येईन, आणि माझ्या काही व्यवसायबंधूंनीही पाळीपाळीने येण्याचे कबूल केले आहे.